शतायुषी कर्मयोग्याचा दिनक्रम

वय वाढले की शरीर थकते आणि शरीरापाठोपाठ बुद्धीही मंदावते, असा सर्वसाधारण समज आहे. साठीनंतर माणसाने नवे काही आरंभू नये, असेही आपल्याकडे मानले जाते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यात हा हिशेब कुठेच बसत नाही. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेला हा माणूस ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात निवर्तला, तेव्हा त्याचे वय एकशे चार वर्षांचे होते. एवढे आयुष्य लाभणे हा दैवाचाही भाग असतो. पण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ स्थापन करणे, एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवासाला निघणे आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतील शाळांसाठी पुण्यात दारोदार हिंडणे हा दैवाचा भाग नव्हे. त्यामागे एक साधा, काटेकोर आणि हेतुपूर्वक आखलेला दिनक्रम होता. अण्णासाहेब कर्वे थोर समाजसुधारक म्हणून सर्वांना परिचित आहेत. हा दिनक्रम मात्र सहसा कोणी पाहत नाही.

कुंभार्ली घाटातून

कर्व्यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. अण्णांचा जन्म मात्र आजोळी, खेड तालुक्यातील शेरवली गावी झाला. घरची परिस्थिती बेताची, किंबहुना गरिबीचीच. वडील केशवपंत आणि आई लक्ष्मीबाई यांनी मुलांना दिले ते एवढेच, की कोणाचे फुकट घ्यायचे नाही. मुरूडला सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना सार्वजनिक कामाची गोडी लावली. देवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम पोरवयातच धोंडूच्या वाट्याला आले. चार माणसांत बोलायचे म्हटले की अंगाला कापरे भरावे इतका हा मुलगा भिडस्त होता. वाचून दाखवण्याचे काम मात्र त्याने नेमाने केले. पुढच्या आयुष्यात भीड त्यांची पाठ कधीच पूर्ण सोडणार नव्हती आणि नेमही सुटणार नव्हता.

१८७५ साली परीक्षेसाठी साताऱ्याला जाण्याचा प्रसंग आला. दिवस पावसाचे, प्रवासाची साधने नाहीत आणि हातात वेळही थोडा. धोंडू आणि त्याचे सोबती कुंभार्ली घाटातून, डोंगर-जंगल तुडवीत, शंभराहून अधिक मैल चालून साताऱ्याला पोहोचले. तिथे परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. चणीने लहान असल्याची ही शिक्षा होती. मुकाट्याने परत फिरण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. अपमान गिळून पुन्हा त्याच कामाला लागण्याची ही रीत पुढे आयुष्यभर त्यांच्या उपयोगी पडली.

इंग्रजी शिक्षणाचा मार्गही असाच वळणावळणाचा होता. रत्नागिरीच्या शाळेत आजारपणाने खंड पडला. अखेर मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. आधी विल्सन आणि मग एल्फिन्स्टन महाविद्यालय असे करीत १८८४ मध्ये गणित विषय घेऊन त्यांनी बी.ए.ची पदवी मिळवली. बरोबरीची मुले ज्या वयात नोकरीत स्थिरावतात, त्या वयात अण्णा अजून विद्यार्थी होते. उशिरा शिकण्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. शिकण्याला वय असते, ही कल्पनाच त्यांच्या मनाला शिवली नसावी.

मिळकतीतला वाटा

पदवीनंतरची मुंबईतील वर्षे शिकवण्यांची होती. कॅथीड्रल आणि अलेक्झांड्रा या मुलींच्या शाळा, राजारामशास्त्री भागवतांचे मराठा हायस्कूल आणि त्याखेरीज खासगी शिकवण्या असा त्यांचा दिवस पहाटेपासून भरलेला असे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे ते पायी. पैसा वाचावा हा त्यामागचा पहिला हेतू. चालण्याची सवय अंगी मुरली ती अशी गरजेतून.

या काळातच त्यांनी आणखी एक सवय लावून घेतली. जे मिळेल त्यातला ठरावीक वाटा बाजूला काढायचा आणि तो सार्वजनिक कामालाच द्यायचा. गावासाठी उभारलेला मुरूड फंड या सवयीतून जन्मला. रक्कम लहान होती, पण नेम मोठा होता. पुढे लाखांच्या देणग्या त्यांच्या हातून गेल्या, तेव्हाही पै-पैचा हिशेब लिहून ठेवण्याची शिस्त ढळली नाही. लोक अण्णांना पैसे देत, कारण त्यांचा हिशेब चोख असतो हे त्यांना ठाऊक होते. वक्तृत्व नसलेल्या, देखणेपण नसलेल्या, चारचौघांत संकोचणाऱ्या या माणसाची सारी पत या एका सवयीवर उभी होती.

१८९१ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. पंधराव्या वर्षी ज्यांच्याशी लग्न झाले होते त्या राधाबाई त्या वर्षी निवर्तल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी आले. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असा त्यांचा निर्धार होता. मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालविधवा होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या त्या बाया कर्वे.

मुरूडने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावात सभा भरवून, कर्व्यांशी संबंध ठेवायचा नाही, असे ठरले. म्हाताऱ्या आईला मुलाला उघडपणे भेटणे अवघड झाले. अण्णांनी या प्रकाराला उत्तर म्हणून ना भांडण केले, ना लेख लिहिले. रागाला त्यांच्या दिनक्रमात जागाच नव्हती. त्याच वर्षअखेर त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली आणि ते कामाला लागले.

हिंगण्याची वाट

विधवांचे विवाह जुळवून प्रश्न सुटणार नाही, त्यांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले पाहिजे, हे त्यांना लवकरच उमगले. १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथबालिकाश्रम सुरू झाला. शहरात प्लेगची साथ होती आणि शहरवासीयांच्या नजरांचा जाचही कमी नव्हता. तेव्हा १९०० साली आश्रम पुण्याबाहेर चार मैलांवर, हिंगण्याच्या माळावर हलवण्यात आला. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर एक झोपडी उभी राहिली. आजचे गजबजलेले कर्वेनगर म्हणजे तो ओसाड माळ.

पुढच्या सुमारे दोन वर्षांतील अण्णांचा दिनक्रम आज वाचतानाही दमछाक होते. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणिताचे अध्यापन. महाविद्यालय सुटले की आश्रमाला लागणारे सामानसुमान घेऊन हिंगण्याची वाट धरायची. रस्ता असा नव्हताच. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. तिथे पोहोचल्यावर विधवा मुलींना शिकवायचे, रात्री तिथेच मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला यायचे. जाऊन-येऊन आठ मैल म्हणजे सुमारे तेरा किलोमीटर. घरी आनंदीबाई आणि मुले, कधी आजारी, कधी अडचणीत. त्यांच्यासाठी वेळ उरत नसे.

आज शहरातला माणूस सकाळी बागेत फेऱ्या मारतो तो प्रकृतीसाठी. अण्णा चालले ते प्रकृतीसाठी नव्हे. पलीकडच्या टोकाला काही मुली पाटी घेऊन वाट पाहत होत्या, म्हणून ते चालले. म्हणूनच त्या चालण्यात खंड पडला नाही. व्यायामाचा संकल्प आठवड्याभरात मोडतो, कारण तो मोडला तर दुसऱ्या कोणाचे अडत नाही. अण्णांचा नेम मोडला असता तर शाळा भरली नसती. त्यांच्या साऱ्या सवयींचे मर्म इथे आहे. चालणे, मिताहार, काटकसर, लवकर उठणे यांतली एकही गोष्ट त्यांनी केवळ स्वतःसाठी जोपासली नाही. प्रत्येक सवय कुठल्या तरी कामाच्या खुंट्याला बांधलेली होती.

घराने मोजलेली किंमत

या व्रताची किंमत एकट्या अण्णांनी चुकती केली, असे मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. पदरची बचत आश्रमाला गेली. आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली, तेव्हा आनंदीबाई संतापल्या. मुलांच्या भवितव्याचे काय, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. अण्णांकडे त्याचे व्यवहारी उत्तर नव्हते. आनंदीबाईंनी मग संसार स्वतःच्या हिमतीने रेटला, शिवाय आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात या संसाराची दुसरी बाजू दिसते. एका ध्येयाला वाहून घेतलेल्या माणसाचे चित्त स्थिर राहते, कारण बाकीच्या चिंता दुसऱ्या कोणी तरी वाहत असते. अण्णांच्या शांत, निर्विकार दिनक्रमाखाली बाया कर्व्यांच्या कष्टांचा पाया होता. हेतुपूर्वक जगण्याचे धडे त्यांच्या चरित्रातून घेताना हा भाग वगळता येत नाही.

मुले मात्र या तुटपुंज्या संसारातून कर्तबगार निघाली. थोरले रघुनाथ संततिनियमनाचे आद्य प्रचारक झाले. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तर भास्कर यांनी हिंगण्याच्या संस्थेलाच वाहून घेतले. अण्णांच्या घरी राहून शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले.

उभे केलेले सोडायचे

अण्णांची आणखी एक सवय सहसा लक्षात घेतली जात नाही. संस्था उभी राहिली, तिला माणसे मिळाली, की ती त्यांच्या हाती सोपवून ते पुढचे काम आरंभीत. अनाथबालिकाश्रम स्थापन झाला तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. १९०७ साली सर्व मुलींसाठी महिला विद्यालय सुरू केले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. १९०८ मध्ये निःस्वार्थ कार्यकर्ते घडवण्यासाठी निष्काम कर्ममठ निघाला. प्रत्येक नव्या कामाच्या वेळी जुने सहकारी नाराज होत. आधीच्या संस्थेचा निधी आटेल, अण्णांचे लक्ष उडेल, अशी त्यांची तक्रार असे. ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. अण्णा ती ऐकून घेत आणि आपले म्हणणे सोडत नसत.

१९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. दुसऱ्या वर्षी त्यांचे ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले. सामान्यतः आत्मचरित्र लिहून झाले की आयुष्याचा जमाखर्च पुरा झाला असे समजतात. अण्णांच्या बाबतीत जवळजवळ निम्मे आयुष्य अजून लिहायचे बाकी होते, असेच म्हणावे लागेल. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. तिच्यातून स्फूर्ती घेऊन १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती प्रत्यक्षात आणली. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. मराठीतून उच्च शिक्षण, तेही बायकांना, यावर टीकाही भरपूर झाली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. एसएनडीटी म्हणून ओळखले जाणारे हे विद्यापीठ १९३६ मध्ये मुंबईला हलले.

१९२९ च्या मार्चमध्ये अण्णा जगप्रवासाला निघाले. वयाचे एकाहत्तरावे वर्ष चालू होते. जिनिव्हा आणि एल्सिनोर येथील शिक्षण परिषदांना ते हजर राहिले, बर्लिनमध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांना भेटले, अमेरिका आणि जपान पाहून १९३० मध्ये परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी आफ्रिकेचा दौरा सुरू केला. परक्या मुलखात, परक्या भाषेत, भिडस्त स्वभावाच्या माणसाने अनोळखी श्रोत्यांपुढे उभे राहून महिला विद्यापीठाची माहिती द्यायची आणि वर्गणी मागायची, हे काम सोपे नव्हते. भीड कमी झाली नव्हती. ती बाजूला ठेवून काम करण्याचा सराव मात्र पन्नास वर्षांचा होता.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जिथे शाळा नाही अशा खेड्यांत शाळा काढायच्या, हा त्याचा हेतू. पेन्शनीतला काही भाग त्यांनी याही कामाला दिला आणि बाकीच्यासाठी पुण्याच्या गल्ल्याबोळांतून घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. कोणी आणा दिला तरी पावती, कोणी रुपया दिला तरी पावती. जिने चढायचे, दार ठोठवायचे, नकार आला तर नमस्कार करून पुढच्या दाराशी जायचे. १९४४ मध्ये जातिभेद आणि विषमता यांच्याविरुद्ध समता संघ स्थापन केला तेव्हा नव्वदी फार दूर राहिली नव्हती.

वियोगही त्यांना चुकले नाहीत. १९५० साली आनंदीबाई गेल्या. १९५३ मध्ये थोरला मुलगा रघुनाथ गेला, तेव्हा वडील पंच्याण्णव वर्षांचे होते. दीर्घायुष्याचा हा दुसरा चेहरा त्यांनी शांतपणे पाहिला. मानसन्मान आले ते याच अखेरच्या पर्वात. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. १८ एप्रिल १९५८ रोजी त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. स्वतंत्र भारताच्या टपाल तिकिटावर हयातीत झळकलेले ते पहिले भारतीय. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेल्या जन्मशताब्दीच्या सोहळ्याला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते.

वैद्यक काय सांगते

एका माणसाच्या आयुष्यावरून वैद्यकीय सिद्धान्त काढता येत नाही. अण्णांसारखाच दिनक्रम ठेवणारे कितीतरी जण अकाली गेले असतील. तरीही गेल्या काही दशकांतील संशोधन त्यांच्या सवयींशी जुळते, हे नमूद करायला हवे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवते. भरभर चालणे त्यात येते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी चौदा टाळता येण्याजोगी कारणे नोंदवली. शारीरिक हालचालींचा अभाव, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, बहिरेपणाकडे दुर्लक्ष, नैराश्य, एकाकीपणा ही त्यांतली काही. या साऱ्या कारणांचा बंदोबस्त झाला तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा अंदाज आहे. चालणे, माणसांत मिसळणे, मेंदूला सतत नवे काम देणे ही अण्णांची त्रिसूत्री आज डॉक्टरही सांगतात.

या यादीतील एक कारण मात्र अण्णांच्या चरित्राशी फार वेगळ्या रीतीने जोडलेले आहे. लहानपणी शिक्षण न मिळणे हेही उतारवयातील स्मृतिभ्रंशाचे एक कारण आहे. शिकताना मेंदूत साठणारी शिदोरी म्हातारपणी उपयोगी पडते, असे तज्ज्ञ मानतात. ज्या काळी विधवेच्या हाती पाटी देणे म्हणजे अधर्म समजला जाई, त्या काळी हिंगण्याच्या झोपडीत अण्णा ही शिदोरी मुलींच्या पदरात बांधत होते. त्यांना मेंदूचे शास्त्र ठाऊक नव्हते. शिकलेल्या बाईचे आयुष्य बदलते, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आरोग्याच्या पुस्तकांतून सवयींच्या याद्या सहज मिळतात. पहाटे उठा, चाला, कमी खा, नवे शिका, माणसे जोडा. अण्णांच्या आयुष्यात या पाचही गोष्टी होत्या. पण यादी म्हणून नव्हत्या. त्यांनी आधी काम निवडले आणि त्या कामाला लागतील तशा सवयी घडवल्या. काम बदलत गेले, तसतशी चालण्याची वाट बदलली. कधी ती हिंगण्याकडे गेली, कधी आगबोटीवर चढली, कधी पुण्याच्या बोळातील एखाद्या जिन्याशी येऊन थांबली. त्या वाटेवर त्यांच्या मागून आलेल्या मुलींची संख्या आता मोजण्यापलीकडे गेली आहे.